ओटीपी आधीच्या बेनच्या फोनवर यायचा

१ जुलै २०२४, सोमवार. अकरा वर्षांनी मी पुन्हा नोकरीला निघाले. सासूबाईंनी हातावर दही-साखर ठेवली, मुलगी शाळेच्या रिक्षात बसता बसता "आई, ऑल द बेस्ट" म्हणाली, आणि मी दांडिया बजारातून ॲक्टिवा काढून अकोट्याच्या पुलावरून विश्वामित्री ओलांडली. सव्वानऊला दवाखान्यात हजर होते. बी.कॉम. इथेच बडोद्याच्या विद्यापीठात झालेलं, लग्नाआधी तीन वर्षं एका सीएकडे काम केलेलं. आकड्यांची भीती नव्हती. शिकवतील तसं करू, एवढंच मनात होतं.

काम होतं टीपीए डेस्कचं. पेशंटचा आरोग्य विमा असला की त्याचे कागद विमा कंपनीकडे, किंवा तिच्या वतीने दावे तपासणाऱ्या मधल्या संस्थेकडे, म्हणजे टीपीएकडे पाठवायचे. ॲडमिट होताना प्रीऑथ, म्हणजे उपचाराच्या मंजुरीची आगाऊ विनंती, टाकायचं, मधे त्यांची क्वेरी आली की उत्तर द्यायचं, घरी सोडताना शेवटचं बिल मंजूर करून घ्यायचं. ऐकायला कारकुनी वाटतं. पण या टेबलावर एक कागद चुकला तर समोरच्या माणसाला दागिने गहाण टाकावे लागतात. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी माझ्या डोळ्यांदेखत घडलं तेव्हा कळलं.

एचआरमध्ये फोटो, आधार, पासबुकाची झेरॉक्स दिली. मॅनेजर सर मला तळमजल्यावरच्या काउंटरवर घेऊन आले, खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "सब देख देख के आ जाएगा, बेन. पोर्टल पे सब लिखा है." मग त्यांना फोन आला आणि ते वर गेले. पुढच्या दोन महिन्यांत ते त्या काउंटरवर दोनदा आले. दोन्ही वेळा कुणाच्या तरी ओळखीच्या पेशंटसाठी.

टेबलावर संगणक, प्रिंटर, कागदांची थप्पी आणि एक निळी डायरी. डायरीत प्रत्येक कंपनीच्या पोर्टलचं लॉगिन आणि पासवर्ड, एकूण तेवीस. काही पासवर्ड तीन-तीनदा खोडलेले. शेवटचा न खोडलेला खरा, हे मीच ठरवलं. पहिलं पोर्टल उघडलं, पासवर्ड बरोबर निघाला, आणि पडद्यावर आलं की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. तो मोबाइल होता माझ्याआधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या बेनचा. ती मे महिन्यात नोकरी सोडून बाळंतपणासाठी आणंदला माहेरी गेली होती.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "तिला लावा ना, ती देते." म्हणजे हे आधीपासून असंच चाललं होतं. नंबर बदलायला दवाखान्याच्या लेटरहेडवर प्रत्येक कंपनीला एक पत्र आणि सरांची सही, एवढंच लागतं. ते व्हायला सहा महिने लागले.

मी संकोचाने फोन लावला. कधी न भेटलेली बाई, सातवा महिना, आणि मी तिच्याकडे आकडे मागणार. तिने काहीही न विचारता सहा आकडे सांगितले. मग म्हणाली, "नवा छो? कोईए शिखवाड्युं के नहि?" मी नाही म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सांजे फोन करजो. निरांते वात करीशुं."

मी केला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात-साडेसातला, पोळ्या लाटायच्या आधी, मी स्वयंपाकघराच्या कट्ट्याशी वही घेऊन बसायचे आणि आणंदहून माझं शिक्षण चालायचं. ज्या संस्थेने मला पगारावर ठेवलं तिने काही शिकवलं नाही, आणि जी ती संस्था सोडून गेली होती तिने सगळं शिकवलं. त्या बाईचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण हे काम तिच्या अंगावर पडायलाच नको होतं, हेही मला तितकंच ठामपणे वाटतं.

तरी फोनवर सगळं येत नाही. जे विचारायचं हेच ठाऊक नसतं, ते विचारणार कसं?

चौथ्या दिवशी हर्नियाचा पेशंट आला. मुलगा म्हणाला, "विमा पाच लाखांचा आहे, बाबांना चांगली खोली द्या." डीलक्स खोली, रोजचे साडेसात हजार. मी प्रीऑथ भरून पाठवलं, मंजुरी आली, सगळे खूश. घरी सोडायच्या दिवशी अंतिम मंजुरीच्या पत्रात अठ्ठावीस हजार कापलेले. मुलगा विचारतोय का, आणि मी ते पत्र तिसऱ्यांदा वाचतेय. त्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या एक टक्का होती, म्हणजे रोजचे पाच हजार. मला वाटलं होतं, फार तर वरचे अडीच हजार रोज त्यांना भरावे लागतील. तसं नसतं. पाच हजारांची परवानगी असताना साडेसातची खोली घेतली, की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. दोन तृतीयांश मिळतं, एक तृतीयांश पेशंटच्या माथी. ती रक्कम चौऱ्याऐंशी हजार होती, त्यातले अठ्ठावीस गेले. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेल्या वस्तूंना ही कात्री लागत नाही, हेही बेनने त्या संध्याकाळी सांगितलं. पॉलिसीच्या पहिल्या पानावरची एक ओळ वाचून मी त्यांना म्हणू शकले असते, "भाऊ, पाच हजारांच्या खोलीत राहा, सर्जन तेच आहेत." तीस सेकंदांचं काम. मला ठाऊक नव्हतं म्हणून त्या घराचे अठ्ठावीस हजार गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

डिस्चार्जचं दुखणं वेगळंच. विमा नियामक इर्डाने २९ मे २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं होतं की कॅशलेसच्या, म्हणजे कंपनीने बिल थेट दवाखान्याला द्यायच्या, विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. कंपन्यांना त्यासाठी ३१ जुलैपर्यंत मुदत होती. लोक वर्तमानपत्राची कात्रणं मोबाइलवर दाखवत काउंटरला यायचे, "तीन तास झाले, अजून का नाही?" मी बापडी कंपनीला फोन लावत बसायचे. ते तीन तास दवाखान्याने मंजुरीची विनंती पाठवल्यावर सुरू होतात, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. डॉक्टर सकाळच्या राउंडला "आज घरी" म्हणतात. मग शिकाऊ डॉक्टर डिस्चार्ज समरी लिहिणार, सिस्टर उरलेली औषधं फार्मसीत परत पाठवणार, फार्मसी ती जमा करणार, लॅब आपली थकबाकी नाही म्हणणार, मग बिलिंग शेवटचं बिल काढणार आणि तेव्हा फाइल माझ्याकडे येणार. दुपारचे दोन वाजलेले असतात. घड्याळ तिथून सुरू. सकाळपासून ताटकळलेल्या माणसाचा राग माझ्यावर निघतो आणि खरा उशीर आमच्याच घरात झालेला असतो.

यावर उपाय फार्मसीतल्या भाईंनी सांगितला. आदल्या दिवशी संध्याकाळीच वॉर्डात फोन करून विचारायचं, उद्या कोण जाणार. त्यांची औषधं रात्रीच परत मागवायची. एवढ्याने दीड-दोन तास वाचतात. भाई तिथे बारा वर्षं होते. त्यांना हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

आता ती जुलैची केस.

रावपुऱ्यातल्या एक आजी, चौसष्ट वर्षांच्या. छातीत दुखलं म्हणून आणलं, अँजिओग्राफीत एक नस जवळजवळ बंद, स्टेंट बसवला. पॉलिसी २०२१ पासूनची. मुलगा मराठी, मला पहिल्या क्षणापासून ताई म्हणत होता. "ताई, आईचं सगळं कॅशलेस होईल ना?" मी हो म्हटलं. कागद जसे आले तसे स्कॅन केले, पोर्टलवर चढवले. रांगेत आणखी चार जण होते.

दुसऱ्या दिवशी क्वेरी आली, रक्तदाब केव्हापासून? उत्तर पाठवायच्या आतच नकाराचं पत्र. पेशंटला अकरा वर्षांपासून रक्तदाब असून पॉलिसी घेताना तो लपवला, म्हणून दावा नामंजूर.

मी वॉर्डात धावले. आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, दीड वर्ष झालं गोळी सुरू होऊन. मागच्या संक्रांतीच्या आधल्या संक्रांतीला." मी केस पेपर काढून खिडकीशी नेला. पहिल्या रात्री ॲडमिशनच्या वेळी शिकाऊ डॉक्टरांनी इतिहास लिहिला होता. 'एचटीएन', म्हणजे रक्तदाब, आणि पुढे काळ. दीड लिहिताना त्यांनी इंग्रजी आकड्यांत आधी एक काढला, त्याला लागून वर बारीक एक, तिरपी रेघ आणि खाली दोन. पण रात्री दोन वाजताचं ते अक्षर. तिरपी रेघ आणि दोन मिळून एक शेपूट झालं होतं, आणि ते शेपूट पुढच्या 'वर्षं' या शब्दाच्या पहिल्या अक्षरात जाऊन मिसळलं होतं. उरले होते दोन एक, शेजारी शेजारी. अकरा.

त्या कागदावरून माझी नजर दोनदा गेली होती, स्कॅनरच्या काचेवर ठेवताना आणि उचलताना. मी वाचला नव्हता. वाचायचा असतो, हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं डॉक्टरांचे कागद डॉक्टरांचे, आपण फक्त पाठवायचे. नंतर आणंदच्या बेनने सांगितलं, "सौथी पहेलां हिस्ट्रीनुं पानुं वांचवानुं." सगळ्यांत आधी इतिहासाचं पान वाचायचं. कधीपासून, किती वर्षं, हे शब्द बोट ठेवून शोधायचे, शंका आली तर पाठवायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. तिच्या काळात ती तेच करायची. ती गेली आणि तिच्यासोबत ती सवयही गेली, कारण कुठे लिहिलेली नव्हती.

बिल एक लाख शहाऐंशी हजारांचं. डॉक्टरांनी खुलाशाचं पत्र लगेच दिलं, पण कंपनी म्हणाली, आता पैसे भरा आणि नंतर परतफेडीचा दावा टाका. मुलाने मांडवीला जाऊन बायकोच्या पाटल्या आणि गोठ गहाण ठेवले. संध्याकाळी रोख भरायला आला तेव्हा तो मला काही बोलला नाही. पावती घेतली, "येतो ताई" म्हणाला आणि गेला. त्याने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. निष्काळजीपणाबद्दल. सर म्हणाले, "अपलोड करने से पहले पढ़ने में क्या जाता है?" प्रश्न बरोबर होता. पण हे वाक्य १ जुलैला सव्वानऊ वाजता सांगितलं असतं तर मेमोचा कागद आणि त्या पाटल्या दोन्ही वाचलं असतं. मी मेमोला लेखी उत्तर दिलं. चूक माझी आहे हे पहिल्या ओळीत लिहिलं. पुढे तीन गोष्टी मागितल्या: ओटीपीचा नंबर दवाखान्याचा करावा, कंपन्यांशी ठरलेल्या दरांची फाइल मला द्यावी, आणि या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला आठ दिवस जुन्या माणसाशेजारी बसू द्यावं. उत्तर आलं नाही.

माझे आजोबा कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते काढलं, त्रिभुवनदास गज्जर तिथले पहिले प्राचार्य. हातातलं काम शिकवायला शाळा लागते, हे बडोद्याने तेव्हा ओळखलं होतं. आजोबा सांगायचे, उस्तादाने पहिले कित्येक आठवडे फक्त कानस हातात दिली. लोखंडाचा एक ठोकळा घासून काटकोनात आणायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. यंत्राला हात नंतर. लहानपणी मला ते कंटाळवाणं वाटायचं. मेमो हातात घेऊन बसले होते तेव्हा तेच आठवलं. लोखंडाचा ठोकळा बिघडला तर वाया जाणार होता फक्त ठोकळा, तरी त्यांना घाई करू दिली नव्हती.

शेजारी बसायला मला आठ नाही, पण तीन दिवस मिळाले, आणि तेही पुराने दिले. २६ ऑगस्ट, जन्माष्टमीचा सोमवार. सकाळी कामावर गेले ती शुक्रवारीच घरी परतले. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, त्या आठवड्यात पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. घर नदीच्या एका बाजूला, दवाखाना दुसऱ्या. घरी सासूबाई आणि मुलगी पहिल्या मजल्यावर सुखरूप होत्या, एवढं फोनवर कळत होतं तोवर मी तग धरून होते. दवाखान्यात जनरेटर फक्त आयसीयू आणि ऑपरेशन थिएटरसाठी. इंटरनेट बंद, पोर्टलं बंद, नवे पेशंट पोचणार कसे? माझ्या टेबलाला काम नव्हतं.

बिलिंगमधले काका पण अडकले होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, शहरातल्या वाडी भागातले, बोलणं कमी. मंगळवारी सकाळी ते म्हणाले, "चल, वरती रेकॉर्ड रूममध्ये. तुला फायली दाखवतो." तीन दिवस आम्ही खिडकीच्या उजेडात जुन्या फायली वाचल्या. नामंजूर झालेल्या आधी. काका फाइल उघडायचे, पहिलं पान माझ्यापुढे सरकवायचे आणि विचारायचे, "सांग, हिला का नकार आला असेल?" मी चुकले तर उत्तर सांगायचे नाहीत, पुढचं पान द्यायचे. डेंग्यूच्या फाइलला क्वेरी कारण रोजचा प्लेटलेटचा रिपोर्ट मधे एक दिवस नाही. मोतीबिंदूच्या फाइलला लेन्सच्या डबीवरचं स्टिकर लावलेलं नाही. पित्ताशयाचे खडे, पण पॉलिसीला दोन वर्षं पूर्ण व्हायला अकरा दिवस कमी. अपघातात पडलेला माणूस, दारूबद्दल डॉक्टरांनी होही लिहिलं नाही आणि नाहीही. बुधवारी दुपारनंतर मी न चुकता सांगू लागले. कँटीनमध्ये खिचडीशिवाय काही नव्हतं, झोपायला दोन खुर्च्या जोडायच्या. तरी माझ्या नोकरीतले ते सगळ्यांत चांगले दिवस होते, कारण कुणीतरी शेजारी बसलं होतं.

पाणी ओसरलं आणि डेंग्यूची रांग लागली. सप्टेंबरमध्ये एकेका दिवशी दहा-बारा प्रीऑथ जायची. मी प्रत्येक फाइलचं इतिहासाचं पान बोट ठेवून वाचत होते. आजींचा केस पेपर लिहिणारे शिकाऊ डॉक्टर एकदा काउंटरला आले. त्यांना ती गोष्ट मी शांतपणे सांगितली, आरोप न करता. ते पंचवीस-सव्वीस वर्षांचे, परप्रांतातले, त्या रात्री सलग छत्तीस तास जागे होते. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं की त्या एका आकड्यावर विमा टिकतो किंवा जातो. तेव्हापासून ते काळ महिन्यांत लिहितात, आणि अक्षरीही. अठरा महिने. बाकीच्या शिकाऊ डॉक्टरांनाही त्यांनीच तसं लिहायला लावलं.

आजींचा परतफेडीचा दावा मी मुलाच्या शेजारी बसून तयार केला. डॉक्टरांचा खुलासा, फॅमिली डॉक्टरांची जानेवारी २०२३ ची पहिली चिठ्ठी, त्या महिन्याचं औषधाच्या दुकानाचं बिल, स्टेंटचं स्टिकर. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला वेगळं पत्र. तीस दिवसांत दाद लागली नाही तर अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे जायचं, तो अर्जही लिहून ठेवला होता. तिथवर जावं लागलं नाही. नोव्हेंबरात एक लाख एकाहत्तर हजार जमा झाले. पाटल्या सुटल्या. चार महिन्यांचं व्याज त्यांनाच भरावं लागलं, त्याची भरपाई कोणत्याही फॉर्ममध्ये बसत नाही. मुलगा पेढे घेऊन आला. मी एक घेतला, पण घशाखाली नीट उतरला नाही.

माझ्या तीन मागण्यांपैकी दरांची फाइल दिवाळीनंतर मिळाली, तीही काकांनी वर जाऊन मागितली म्हणून. शेजारी बसायचे आठ दिवस नामंजूर झाले, दोन मंजूर झाले. मी पुन्हा अर्ज दिला आहे. निळी डायरी मी नव्याने लिहून काढली. पासवर्डच्या पुढे प्रत्येक कंपनी काय विचारते, काय लागतं, आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात इतिहासाचं पान.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नंबर बदलायच्या पत्रांवर सही झाली. ओटीपी आता काउंटरवरच्या दवाखान्याच्या फोनवर येतो. मधल्या काळात आणंदच्या बेनला मुलगा झाला. त्या दिवशी सुद्धा तीन ओटीपी लागले होते. तिच्या नवऱ्याने इस्पितळाच्या व्हरांड्यातून ते मला सांगितले होते आणि मग म्हणाले होते, "दीकरो आव्यो छे."

नवा फोन सुरू झाला त्या संध्याकाळी, साडेसातला, मी कट्ट्याशी बसून तिला फोन लावला. तिने उचलला, मागे बाळ कुरकुरत होतं, आणि मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "ऊभा रहो, जोउं छुं... ना बेन, हजी नथी आव्यो."

मी म्हटलं, आता येणार नाही. आज मी तुझ्याशीच बोलायला फोन केलाय.